सिडनीचे ऑपेरा हाऊस : बंदरावरचे शिल्प आणि त्याचा दूर राहिलेला शिल्पकार

ऑस्ट्रेलियाची राजधानी कोणती, असा प्रश्न विचारला की अनेकांच्या तोंडी सिडनी हेच नाव येते. राजधानीचा मान कॅनबेराकडे असला, तरी जगाच्या मनातला ऑस्ट्रेलिया सिडनीतच वसलेला आहे. निळ्याशार खाडीच्या काठावरची पांढरी शिंपल्यांसारखी वास्तू आणि तिच्यामागचा पोलादी कमानीचा पूल हे चित्र पाहिले नाही असा माणूस विरळाच. आपल्याकडे ‘दिल चाहता है’ या २००१ सालच्या चित्रपटाने ते घराघरांत पोहोचविले. मात्र या छायाचित्रांत न दिसणारा एक इतिहास या वास्तूला आहे. एका परक्या वास्तुविशारदाने पाहिलेले स्वप्न, त्यापायी उठलेले राजकीय वादळ, चौदापटींहून अधिक वाढलेला खर्च आणि पूर्ण झालेली आपली कलाकृती प्रत्यक्ष एकदाही न पाहता मिटलेले त्याचे डोळे, हा तो इतिहास होय. सिडनीला जाणाऱ्या पर्यटकाने तो जाणून घेतला, तर तिथल्या पायऱ्या चढताना त्याला वेगळेच काही दिसेल.

बंदरातून घडलेले शहर

सिडनीचे बंदर जगातील मोठ्या नैसर्गिक बंदरांपैकी एक आहे. समुद्र अरुंद मुखातून आत शिरतो आणि असंख्य लहानमोठ्या खाड्यांत विभागला जातो. ‘पोर्ट जॅक्सन’ हे या जलाशयाचे नाव. युरोपीय येण्यापूर्वी हजारो वर्षे या किनाऱ्यावर आदिवासी समाजांची वस्ती होती. आज जेथे शहराचा मध्यभाग आहे, ती भूमी गडिगल लोकांची.

२६ जानेवारी १७८८ रोजी कॅप्टन आर्थर फिलिप यांच्या नेतृत्वाखाली अकरा जहाजांचा ब्रिटिश ताफा येथील ‘सिडनी कोव्ह’ या खाडीत स्थिरावला. जहाजांवर प्रामुख्याने इंग्लंडमधून हद्दपारीची शिक्षा झालेले कैदी आणि त्यांच्यावर पहारा ठेवणारे सैनिक होते. आजच्या सिडनीची सुरुवात अशी कैद्यांच्या वसाहतीतून झाली. त्याच खाडीला आज ‘सर्क्युलर की’ म्हणतात. फेरीबोटींचे धक्के, रेल्वे स्थानक, ट्राम आणि बसगाड्या येथे एकत्र येतात. सकाळी कचेरीत निघालेले नोकरदार, गळ्यात कॅमेरे अडकविलेले पर्यटक, धक्क्यावर वाद्ये वाजविणारे कलावंत आणि माणसांच्या हातातील खाद्यपदार्थांवर डोळा ठेवून असलेले समुद्रपक्षी, अशी तेथील गजबज दिवसभर सुरू असते.

एका भूशिराची कहाणी

सर्क्युलर कीच्या पूर्वेला पाण्यात शिरलेल्या भूशिरावर ऑपेरा हाऊस उभे आहे. या जागेचे नाव ‘बेनेलाँग पॉइंट’. बेनेलाँग हा येथील आदिवासी समाजातील पुरुष. स्थानिकांशी संवाद साधता यावा म्हणून गव्हर्नर फिलिप यांच्या हुकुमावरून १७८९ मध्ये त्याला पकडून आणण्यात आले. पुढे तो इंग्रजी शिकला आणि दोन्ही समाजांमधील दुवा बनला. १७९० मध्ये याच भूशिरावर त्याच्यासाठी विटांची झोपडी बांधून देण्यात आली. १७९२ साली फिलिप यांच्यासोबत तो इंग्लंडलाही गेला आणि १७९५ मध्ये परतला. १८१३ साली तो मरण पावला. त्याची झोपडी केव्हाच नाहीशी झाली, पण नाव टिकले.

त्यानंतर या जागेवर एक किल्ला उभा राहिला. गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी यांच्या नावाच्या या किल्ल्याचे काम १८१७ मध्ये सुरू झाले. मराठी वाचकाला या गव्हर्नरविषयी विशेष कुतूहल वाटावे. सिडनीला येण्यापूर्वी ते ब्रिटिश सैन्यातील अधिकारी म्हणून मुंबईत होते. १७९३ साली त्यांचा पहिला विवाहही मुंबईतच झाला. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यातही त्यांचा सहभाग होता. पुढे १८१० ते १८२१ या काळात त्यांनी सिडनीला रस्ते, रुग्णालय आणि सार्वजनिक इमारती देऊन कैद्यांच्या छावणीचे नगरात रूपांतर केले. त्यांचा किल्ला १९०१ मध्ये पाडला गेला आणि त्या जागी ट्रामगाड्यांचे आगार आले. जगातील एका अत्यंत देखण्या वास्तूची जागा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गाड्या ठेवण्यासाठी वापरली जात होती!

२३३ आराखड्यांतून एक

सिडनीत सुसज्ज संगीतगृह असावे, असा आग्रह धरणाऱ्यांत अग्रणी होते सिडनी सिम्फनी वाद्यवृंदाचे संचालक युजीन गूसेन्स. न्यू साउथ वेल्स राज्याचे तत्कालीन प्रीमियर, म्हणजे आपल्याकडील मुख्यमंत्री, जोसेफ केहिल यांना त्यांनी ही कल्पना पटवून दिली. १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाहीर झाली आणि जगभरातून २३३ आराखडे आले. २९ जानेवारी १९५७ रोजी निकाल लागला. विजेता होता डेन्मार्कचा ३८ वर्षांचा योर्न उट्झन. तोवर त्याने सिडनी शहर पाहिलेही नव्हते. सागरी नकाशे आणि छायाचित्रे यांच्या आधारे त्याने आराखडा काढला होता.

उट्झनचे वडील जहाजांचे अभिकल्पक होते, त्यामुळे बोटींचे वळणदार आकार त्याच्या बालपणापासून ओळखीचे. मेक्सिकोच्या प्रवासात त्याने माया संस्कृतीतील भव्य दगडी जोती पाहिली होती. जंगलाच्या वर उचललेल्या त्या जोत्यांवर उभे राहिले की क्षितिज खुले होते, हा अनुभव त्याच्या मनात रुतला होता. सिडनीच्या आराखड्यात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. खाली प्रचंड जोते आणि वर जणू तरंगणारी छपरे. इमारत पुलावरून, बोटीतून, उंच घरांतून, म्हणजेच चारी दिशांनी आणि वरूनही दिसणार, हे त्याने ओळखले. म्हणून छप्पर हाच तिचा दर्शनी भाग बनला.

छपराचे कोडे

कागदावर सुंदर दिसणारी छपरे प्रत्यक्षात उभी कशी करावीत, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. राजकीय पाठिंबा टिकेल की नाही, या धास्तीने केहिल यांनी आराखडे अपुरे असतानाच काम सुरू करविले. २ मार्च १९५९ रोजी बांधकामाचा प्रारंभ झाला आणि त्याच वर्षी केहिल यांचे निधन झाले. घाईचा फटका लवकरच बसला. छपराचे अंतिम स्वरूप ठरण्यापूर्वी उभारलेले जोत्यातील खांब त्याचा भार पेलण्यास कमी पडणार, असे आढळल्याने ते पुन्हा बांधावे लागले.

ओव्ह अरुप यांच्या अभियांत्रिकी संस्थेने छपरांसाठी अनेक आकार तपासले. त्यासाठी त्या काळी नवलाईच्या असलेल्या संगणकाचीही मदत घेतली. मूळ अडचण अशी, की प्रत्येक शिंपल्याचा बाक निराळा असेल, तर त्याच्या प्रत्येक भागासाठी निराळा साचा लागणार आणि खर्च आवाक्याबाहेर जाणार. १९६१ मध्ये उत्तर सापडले. सगळे शिंपले एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापून काढायचे! एकाच संत्र्याच्या सालीचे लहानमोठे तुकडे काढावेत, तसे. तुकड्यांचा आकार कमीजास्त असला तरी बाक सर्वांचा सारखाच राहतो. सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या या काल्पनिक गोलामुळे तेच तेच साचे पुन्हा वापरून भाग ओतणे शक्य झाले. अशा २,१९४ पूर्वनिर्मित काँक्रीट भागांचे हे छप्पर ताणलेल्या पोलादी तारांनी बांधलेले आहे. सर्वांत उंच शिंपला समुद्रसपाटीपासून ६७ मीटरवर पोहोचतो.

छपरावर स्वीडनमध्ये तयार झालेल्या दहा लाखांहून अधिक टाइल्स आहेत. दुरून पांढऱ्याशुभ्र दिसणारे हे छप्पर जवळून पाहिले, तर त्यात चकाकणाऱ्या पांढऱ्या आणि मंद सायीच्या रंगाच्या अशा दोन प्रकारच्या टाइल्स दिसतात. संपूर्ण पृष्ठभाग चकचकीत असता, तर सिडनीच्या उन्हात डोळे दिपले असते. या मिश्रणामुळेच सकाळी, भर दुपारी आणि सूर्यास्ताला छप्पर वेगवेगळ्या रंगछटा धारण करते.

राजीनामा

बांधकामाचा पहिला अंदाज होता ३५ लाख पौंड, म्हणजे पुढे आलेल्या दशमान चलनात ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. पूर्ततेसाठी २६ जानेवारी १९६३ हा दिवस ठरला होता. प्रत्यक्षात १० कोटी २० लाख डॉलर लागले आणि चौदा वर्षे गेली. हा पैसा मुख्यत्वे सरकारी लॉटरीतून उभारण्यात आला. ऑपेराचे नावही न ऐकलेल्या असंख्य सामान्य माणसांनी बक्षिसाच्या आशेने घेतलेल्या तिकिटांवर हे कलामंदिर उभे आहे.

१९६५ मध्ये राज्यात सत्तांतर झाले. वाढता खर्च आणि विलंब हा निवडणुकीतील मुद्दा होताच. नवे बांधकाम मंत्री डेव्हिस ह्यूज यांनी प्रत्येक खर्चाचा हिशेब मागण्यास सुरुवात केली. जनतेच्या पैशाचा जाब विचारणे हे मंत्र्याचे कर्तव्य होते, हे नाकारता येणार नाही. परंतु आतील सजावटीच्या चाचण्यांसाठी लागणारा निधी रोखला गेला, वास्तुविशारदाचे मानधन थकले आणि संवाद तुटला. २८ फेब्रुवारी १९६६ रोजी उट्झन कामावरून दूर झाला. त्याला परत आणा, अशी मागणी करीत सुमारे हजार नागरिकांनी मोर्चा काढला, पण उपयोग झाला नाही. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस उट्झन आपल्या कुटुंबासह सिडनीहून निघून गेला. तोवर छपरेही पूर्ण झाली नव्हती. तो पुन्हा कधीच ऑस्ट्रेलियात आला नाही.

उरलेले काम पीटर हॉल या तरुण ऑस्ट्रेलियन वास्तुविशारदाकडे आणि त्याच्या सहकाऱ्यांकडे आले. दुसऱ्याच्या कलाकृतीत हात घालणारा म्हणून हॉलवर टीकेची झोड उठली. पण काचेच्या प्रचंड भिंती आणि अंतर्भाग पूर्ण करून इमारत वापरात आणली ती त्यानेच. याच काळात एक मोठा बदल झाला. मूळ योजनेनुसार मुख्य सभागृहात ऑपेरा आणि वाद्यवृंद दोन्ही व्हायचे होते. ते केवळ वाद्यवृंदासाठी राखण्याचे ठरले आणि ऑपेरा लहान सभागृहात गेला. जगप्रसिद्ध ऑपेरा हाऊसमधील सर्वांत मोठे दालन मुळात ऑपेरासाठी नाही, ही विसंगती अशी जन्मली.

२० ऑक्टोबर १९७३ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते उद्घाटन झाले. तिथला पहिला ऐतिहासिक सूर मात्र त्याआधी तेरा वर्षे उमटला होता. नोव्हेंबर १९६० मध्ये अमेरिकन कृष्णवर्णीय गायक पॉल रॉब्सन यांनी अर्धवट बांधकामाच्या जागी जाऊन मजुरांसमोर गाणी म्हटली होती.

उशिराचा समेट

काळ पुढे सरकला, तशी सिडनीला आपल्या चुकीची जाणीव झाली. १९९९ मध्ये ऑपेरा हाऊसच्या व्यवस्थापनाने उट्झनशी पुन्हा नाते जोडले आणि पुढील बदलांसाठी मार्गदर्शक तत्त्वे लिहून देण्याची विनंती केली. वय झालेल्या उट्झनने ती मान्य केली. प्रत्यक्ष कामात त्याचा वास्तुविशारद पुत्र यान याने साथ दिली. २००४ मध्ये खुले झालेले ‘उट्झन कक्ष’ हे त्याच्या कल्पनेप्रमाणे सजलेले येथील एकमेव दालन. २००३ मध्ये त्याला वास्तुकलेतील सर्वोच्च समजला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. २८ जून २००७ रोजी युनेस्कोने ऑपेरा हाऊसचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. निर्माता हयात असताना हा मान मिळणे अत्यंत दुर्मीळ. पुढील वर्षी, २९ नोव्हेंबर २००८ रोजी, डेन्मार्कमध्ये उट्झनचे निधन झाले.

या वास्तूवर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यानंतरही उठला. ऑक्टोबर २०१८ मध्ये घोड्यांच्या शर्यतीच्या प्रसिद्धीसाठी शिंपल्यांवर प्रकाशचित्रे टाकण्यात आली, तेव्हा दोन लाखांहून अधिक नागरिकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या आणि निदर्शकांनी जागेवर येऊन विजेऱ्यांचे झोत टाकून ती जाहिरात पुसट करण्याचा प्रयत्न केला. लॉटरीच्या तिकिटांवर उभी राहिलेली इमारत लोकांनी आपली मानली, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

काय आणि कसे पाहावे?

ऑपेरा हाऊसचे प्रांगण आणि सभोवतालचा परिसर सर्वांना विनामूल्य खुला आहे. आतील भाग पाहण्यासाठी मार्गदर्शकासह सुमारे तासाभराची सशुल्क सहल असते. तीत पायऱ्या बऱ्याच असल्याने गुडघेदुखी असणाऱ्यांनी आरक्षणाच्या वेळी सोयींची चौकशी करावी. वाद्यवृंदाचे मुख्य सभागृह नूतनीकरणासाठी २०२० पासून बंद होते, ते २०२२ मध्ये पुन्हा खुले झाले. ध्वनी सुधारण्यासाठी छताला टांगलेल्या पाकळ्यांसारख्या गुलाबी तबकड्या आणि दहा हजारांहून अधिक नळ्यांचा भव्य ऑर्गन पाहण्यासारखा आहे. मात्र ही वास्तू खऱ्या अर्थाने कळते ती कार्यक्रमाच्या वेळी. ऑपेराची गोडी नसली, तरी नाटक, नृत्य वा संगीताचा एखादा कार्यक्रम निवडून तिकीट काढावे. मध्यंतरात काचेच्या भिंतीपाशी उभे राहून रात्रीचे बंदर पाहणे हाही कार्यक्रमाचाच भाग समजावा.

बाहेरून पाहण्याची ठिकाणे तीन. पहिले, वनस्पती उद्यानाच्या टोकाचे ‘मिसेस मॅक्वारीज चेअर’. गव्हर्नर मॅक्वारी यांच्या द्वितीय पत्नीसाठी खडकात कोरलेले हे आसन. येथून ऑपेरा हाऊस आणि त्यामागे पूल एकाच चौकटीत दिसतात. सूर्यास्ताची वेळ सर्वोत्तम. दुसरे, हार्बर ब्रिज. १९ मार्च १९३२ रोजी खुल्या झालेल्या या पुलाच्या कमानीची लांबी ५०३ मीटर असून तिचा माथा पाण्यापासून १३४ मीटर उंच आहे. साखळीला बांधून घेऊन कमानीवर चढण्याची खर्चिक सोय १९९८ पासून आहे, पण पुलाच्या पूर्वेकडील पादचारी मार्गावरून फुकट चालत जाऊनही दृश्य तितकेच विलोभनीय दिसते. तिसरे आणि सर्वांत उत्तम ठिकाण म्हणजे मॅनलीला जाणारी फेरीबोट. साध्या सार्वजनिक वाहतुकीच्या भाड्यात मिळणारी ही सुमारे अर्ध्या तासाची सफर महागड्या जलविहारालाही मागे टाकते. बोट निघताना मागील डेकवर उभे राहावे. शिंपले एकमेकांमागे सरकत, उघडत, मिटत जातात. ही इमारत चालत्या बोटीवरून पाहण्यासाठीच रचली आहे, असे तेव्हा वाटते.

खाडीच्या पश्चिमेला ‘द रॉक्स’ ही सिडनीची जुनी वस्ती आहे. १९७० च्या दशकात ती पाडून तेथे टोलेजंग इमारती उभारण्याचा घाट घातला गेला होता. रहिवासी आणि बांधकाम मजुरांच्या संघटनेने एकत्र येऊन कामास नकार दिला, म्हणून तेथील दगडी घरे आणि अरुंद गल्ल्या आज शिल्लक आहेत. ऑपेरा हाऊससोबत तासभर येथेही द्यावा.

जाण्यापूर्वी

भारतीय नागरिकांना ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आधी काढावा लागतो. तेथील ऋतू आपल्या उलट असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, तर जून ते ऑगस्ट सौम्य हिवाळा. वसंत आणि शरद ऋतूंतील, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि मार्च ते मे, या काळातील हवा फिरण्यास अनुकूल. मे अखेरीपासून जूनपर्यंत होणाऱ्या ‘व्हिव्हिड सिडनी’ या प्रकाशोत्सवात छपरांवर रंगीत प्रकाशचित्रे झळकतात. ३१ डिसेंबरच्या आतषबाजीसाठी लोक सकाळपासून जागा धरून बसतात. सिडनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास, तर तिकडच्या उन्हाळ्यात साडेपाच तास पुढे असते. विमानतळावरून रेल्वेने थेट सर्क्युलर की स्थानक गाठता येते. रेल्वे, बस आणि फेरीबोट यांसाठी ‘ओपल’ हे एकच कार्ड चालते. घरच्या जेवणाची आठवण झालीच, तर पश्चिमेकडील हॅरिस पार्क या उपनगरात भारतीय उपाहारगृहे आणि वाण्याची दुकाने ओळीने आहेत.

परतण्यापूर्वी एका संध्याकाळी ऑपेरा हाऊसच्या रुंद पायऱ्यांवर थोडा वेळ निवांत बसावे. खाली बोटींची ये-जा चालू असते, पुलावर दिवे लागत असतात, मुले पायऱ्यांवर धावत असतात. ज्याने हे सारे कल्पनेत पाहिले, त्याला ते डोळ्यांनी पाहता आले नाही. आपल्याला ते पाहता येते आहे, एवढी जाणीव ठेवून तेथून उठावे.